नमुन्याप्रमाणे

एप्रिलात पार्सल आलं. आत एकच कोट,
लष्करी, हिरवा-तपकिरी, पानापानांचा.
ज्या देशाची ऑर्डर, तिथं नुसती वाळू,
असं इरण्णानं मोबाईलवर बघून सांगितलं.
"मग ही पानं कुणाची?"
"तिसऱ्याच देशाची, अक्का. यांचा जनरल तिथं शिकायला होता."

बोद्दूल मास्तरांनी चष्मा पुसला, ब्लेड घेतलं
आणि काखेपासून उसवायला लागले.
मास्तर कुठलाही कपडा असाच वाचायचे,
उलटा, शिवणीकडून.
खांद्यावरची पट्टी सोडवून म्हणाले,
ही पूर्वी पट्टा घसरू नये म्हणून असायची.
पट्टा गेला. पट्टी राहिली. आता तिच्यावर तारे लावतात.
कोपराला दुहेरी कापड, रांगायला.
मांडीवर खिसा, नकाशाला.
यांच्याकडे तो नकाशा आहे का,
हे ऑर्डरीत लिहिलेलं नव्हतं.

दुपारी लाइट गेली.
मागच्या गल्लीतले माग थांबले
तरी आमचे कान खटखटत राहिले.
कडक भाकरी मोडता मोडता मास्तर शब्द उसवत बसले,
सवयच ती त्यांची.
तोफ तुर्कांची. काडतूस पोर्तुगीजांचं.
कवायत अरबांची, पलटण साहेबाची.
बंदुकीत ठासायची दारू, ती फारसीत औषध.
"भुईकोटाच्या बुरजावरून शत्रूला द्यायची शिवी
तेवढी आपली बघ,"
म्हणाले, आणि तेलुगूत देऊन दाखवली.

माझे वडील जकार्डच्या मागावर होते.
यंत्र फ्रान्सचं, मोर आपला, म्हणायचे ते.
पुठ्ठ्याला भोकं पाडून पाडून मोर केला होता त्यांनी.
पाय मात्र कधी नीट जमले नाहीत.

संध्याकाळी डाव्या बरगडीपाशी
मास्तरांचं बोट थांबलं.
रुपयाएवढं ठिगळ.
हातशिलाई, काळा दोरा, घाईचे टाके.
खाली अस्तरात भोक.
धुतलेलं होतं, तरी कडेनं तांबूस.
कुणी काही बोललं नाही.
काजं करणाऱ्या विजयानं उगाच हात पदराला पुसले.

इरण्णानं मेल टाकला : ठिगळ गाळायचं ना?
उत्तर दोन दिवसांनी, एका शब्दाचं.
नमुन्याप्रमाणे.
शेठ म्हणाले, पैसे देणारा शहाणा.

तर बारा हजार कोटांना
डाव्या बरगडीपाशी
मी ठिगळ लावलं. नगाला सव्वा रुपया.
खालचं भोक पाडायचं का,
ते मास्तरांनी कुणाला विचारलंच नाही.
पहिली शंभर जड गेली.
कोट उलटा केला की आत कुणीतरी असायचं.
मग हात बसला.
घाईचे टाके बघवेनात, म्हणून चारी टोकांना
फुली घातली, माझ्या मनानं,
आईच्या वाकळेतली. ती तिला बोंत म्हणायची.

चार वर्षांनी दुसरं पार्सल.
दुसरा देश, बर्फाचा.
मास्तर आता नाहीत. ब्लेड मीच घेते.
सोबत जाड छापील कागद, इरण्णानं वाचला :
अमक्या सैन्याची शिस्त पाहून प्रभावित, वगैरे.
कोट उलटा केला, काखेपासून सुरू केलं.
डाव्या बरगडीपाशी चौकोन. तळहाताएवढा,
आत कातडं, वर झाकण, झाकणाला पितळी बटण.
कागदात त्याला नावसुद्धा होतं, भारदस्त,
इरण्णाला दोनदा वाचावं लागलं.
आणि चारी टोकांना फुली.

माझी.

समीना नवीन आहे, सगळं विचारते.
"अक्का, हे कशासाठी असतंय?"
तोंडाशी आलं होतं.
खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता,
इरण्णा पेन उघडून उभा.
"लिही," म्हटलं,
"बटणाचे वेगळे. नगाला अडीच."